डायखाली हात

चार सेकंदांत एक ब्रॅकेट. डाव्या हाताने पत्र्याचा कापलेला तुकडा डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, रॅम खाली येऊन वर गेला की उजव्या हाताने तयार नग उचलून क्रेटमध्ये टाकायचा. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये पन्नास टनी पॉवर प्रेसपाशी उभा राहून मी हे बघत होतो. मालकांची अट एकच, कारखान्याचं नाव छापायचं नाही. तासाला ९०० नग. जेवणाचा अर्धा तास वगळला तरी आठ तासांच्या पाळीत ६,७५०. तितक्याच वेळा माणसाचा हात अशा जागी जातो, जिथे क्षणभराने पन्नास टनांचा दाब येणार असतो.

"लक्ष ठेवलं की काही होत नाही बघा," सुपरवायझर म्हणाले. भिंतीवरच्या पाटीचाही सूर तोच. मला हे पटत नाही. ६,७४९ वेळा नीट लक्ष ठेवलेल्या माणसाला शेवटच्या वेळी जांभई आली, तर त्याला निष्काळजी कसं म्हणायचं? कायदाही तसं म्हणत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगत आलं की यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम गार्ड हवा आणि यंत्र चालू असताना तो जागेवरच हवा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कलम ७-अ खाली थेट भोगवटादारावर, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात त्याच्यावर, आली.

नुसतं लक्ष का पुरत नाही, हे यंत्राजवळ गेल्यावर कळतं. जुन्या प्रेसचा क्लच पिनचा असतो. फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की पिन त्याला शाफ्टशी जोडते आणि मग रॅम अख्खी फेरी मारूनच थांबतो. मध्येच थांबवायची सोय त्यात नाही. स्प्रिंग झिजली किंवा तुटली तर पेडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. कामगार याला डबल स्ट्रोक म्हणतात. लक्ष ठेवणाऱ्याचाही हात यात जातो. आता अशा प्रेसला हजारो रुपयांचा लाइट कर्टन लावून काय साधणार? हात मध्ये आल्याचं तो ओळखेल, पण थांबवणार कोणाला? तो चालतो हवेवरच्या फ्रिक्शन क्लचला, जो अर्ध्यावर सुटतो आणि ब्रेक लागतो. पिन क्लचवर लावलेला कर्टनही मी पाहिला. ऑडिटच्या फोटोत तो छान दिसत असणार.

जुन्या यंत्राला खरा उपाय साधा आणि स्वस्त आहे: डायभोवती बोल्टने पक्का बसवलेला गार्ड, त्यात पत्रा जाईल पण बोट जाणार नाही एवढी फट. जिथे ते जमत नाही तिथे निदान चिमटा किंवा चुंबकाची काठी. पण चिमट्याने चार सेकंदांचे पाच-सहा होतात, आणि टार्गेट मात्र चारचंच राहतं. दोन हातांनी दाबायच्या बटणांचंही तेच. नव्या नियंत्रणात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडावी लागतात. जुन्यात मात्र एका बटणात काडी खोचली की एक हात मोकळा. काडी कामगार खोचतो हे खरं. पण ती खोचल्याशिवाय पूर्ण होणार नाही असं टार्गेट कोण देतं?

बोटांचा दर कायद्यात छापलेला आहे. भरपाईच्या अनुसूचीत तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली, एक पेर गेलं तर ९ टक्के. करंगळीचं पेर ५. राज्य कामगार विम्यात असलेल्या आणि महिना २०,००० रुपये मिळवणाऱ्या माणसाचं तर्जनीचं पेर कायमचं गेलं, तर वेतनाच्या ९० टक्क्यांचे ९ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १,६२० रुपये आयुष्यभर. तेही विम्यात नाव असेल तर. अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी करणारे मालकही आहेत.

दुसरी पळवाट ४८ तासांची. तितका काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर ती कळवणं बंधनकारक आहे. म्हणून हाताला बँडेज बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी गेटवर खुर्ची टाकून बसवतात, असं एका जुन्या ऑपरेटरने हसत सांगितलं. त्याच्या मधल्या बोटाला एक पेर कमी होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. नियुक्तीपत्र देणं सक्तीचं झालं, आणि मृत्यू किंवा गंभीर इजेच्या खटल्यात दंडाची निम्मी तरी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. या जमेच्या बाजू. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली, आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचा आहे तो सर्वसाधारणपणे ५०० कामगारांपासून पुढे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातही धोकादायक यंत्राला कुंपण हवं होतं. तो फक्त शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. बोटं मात्र छोट्या शेडमध्ये जास्त जातात, असं माझं मत झालं आहे.

वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागांना एक विनंती. पुरवठादाराकडे जाता तेव्हा ब्रॅकेटची जाडी मायक्रोमीटरने मोजता. त्याच फेरीत प्रेसचा क्लच कोणता आहे, गार्डचे बोल्ट जागेवर आहेत का आणि कंत्राटी कामगाराकडे नियुक्तीपत्र व विम्याचं ई-पहचान कार्ड आहे का, हेही तपासा. नसेल तर ऑर्डर थांबवा.