नाव गेलं, खेळ राहिला

एकेकाळी 'पूना' या नावाने ओळखला जाणारा खेळ कोणता, असं मी ओळखीच्या पाच-सहा पुणेकरांना विचारून पाहिलं. पुण्याविषयी आपल्याला ठाऊक नाही असंही काही असू शकतं, हे पुणेकर सहसा मान्य करत नाही. पण इथे सगळे गप्प झाले. एकाने खो-खो म्हणून पाहिलं. उत्तर आहे बॅडमिंटन!

बॅटीने फूल हवेत उडवत ठेवायचं, हा पोरांचा खेळ इंग्लंडमध्ये फार जुना. त्यात ना जाळं, ना हारजीत. फूल जमिनीला टेकू द्यायचं नाही, एवढंच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जाळं बांधून, गुण मोजून हा खेळ रंगू लागला. पुण्याच्या छावणीत तो इतका लोकप्रिय झाला की त्याला गावाचंच नाव मिळालं. १८७०च्या दशकात त्याचे सुरुवातीचे नियमही पुण्यातच तयार झाले. रजेवर मायदेशी गेलेल्या साहेबांबरोबर खेळ तिकडे गेला आणि ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या 'बॅडमिंटन हाउस' या वाड्याचं नाव त्याला कायमचं चिकटलं. लेकीचं सासरी नाव बदलावं, तसंच हे! १९०१पर्यंत त्याचं मैदानही आजच्यासारखं चौकोनी नव्हतं. जाळ्यापाशी निमुळतं, डमरूसारखं होतं.

या खेळाची खरी गंमत त्या फुलात आहे. वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. बुचाच्या टोपीत खोचलेली सोळा पिसं. चांगल्या फुलाची पिसं हंसबदकाच्या एकाच बाजूच्या पंखातली निवडतात. ती एकमेकांवर तिरकी बसवलेली असल्याने फूल स्वतःभोवती गिरक्या घेत जातं आणि कसंही मारलं तरी टोपी पुढे करूनच उडतं. जागतिक स्पर्धांत डब्यावरचा आकडा पाहून फूल निवडतात, कारण उष्ण किंवा उंचावरच्या गावात हवा विरळ असते आणि तेच फूल अधिक वेगाने पळतं. पिसं कोरडी पडून मोडू नयेत म्हणून त्यांना वाफ देणारे खेळाडूही असतात.

२०२३मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या आपल्या खेळाडूच्या स्मॅशचा वेग खास चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. पण हा वेग रॅकेट सोडतानाचा. पुढच्या काही फुटांतच हवा फुलाला पकडते आणि त्याचा वेग झपाट्याने उतरतो. म्हणूनच इथे नुसत्या ताकदीचं फारसं चालत नाही. जाळ्यालगत अलगद टाकलेलं फूल भल्याभल्यांना गुडघ्यावर आणतं. आजोबा नातवाला हरवू शकतात, असा मैदानी खेळ दुसरा कुठला आहे?

साहेबाचा हा खेळ मराठी घरांतही रुजला. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या सुंदर, सुमन आणि ताराबाई या मुलींनी १९४०च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. मुलींनी मैदानात उतरावं की नाही, यावर वाद घालणाऱ्या काळातली ही गोष्ट! सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. पुढे १९८०मध्ये प्रकाश पदुकोणने आणि २००१मध्ये गोपीचंदने ऑल इंग्लंड जिंकली, २०१९मध्ये सिंधू जगज्जेती झाली. २०२२मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० हरवून भारताने थॉमस चषक आणला, तेव्हा मुंबईचा चिराग शेट्टी सात्त्विकच्या जोडीने त्या संघात होता.

हे सगळं सांगायला एक निमित्तही आहे. आमच्या सोसायटीच्या आवारात चुन्याने आखलेलं एक कोर्ट आहे. ४४ फूट लांब, २० फूट रुंद. तिथे चारचाकी गाड्यांसाठी पट्टे मारावेत, असा विषय येत्या सभेपुढे आहे. गाड्या वाढल्या, हे खरं. हॉलमध्ये जाऊन पोरं खेळतील, असंही काही जण म्हणतात. पण हॉलचं भाडं आणि दर सामन्याला झिजणारी पिसांची फुलं कितीशा घरांना परवडणार? आणि तिथे शिकवणीला जाणारा मुलगा आईला, आजीला 'चल, दोन गेम खेळू' असं थोडंच म्हणणार?

प्लॅस्टिकचं फूल, मधे बांधलेली दोरी आणि संध्याकाळचा एक तास, एवढ्यावर चार पिढ्या हा खेळ खेळल्या. त्याचं 'पूना' हे नाव आपल्या हातून गेलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. अंगण मात्र जाऊ नये. सभेत माझा हात कोर्टाच्या बाजूने वर जाईल. तुमच्याही सोसायटीत असा विषय आला, तर हात वर करण्याआधी एकदा पोरांबरोबर दोन गेम खेळून पाहा.