बोलिंगच्या गोळ्याचे कवच : उष्णता, द्रावक आणि स्वच्छता

एखादा घन पदार्थ स्वच्छ करणे आणि त्याची घडण बदलणे या दोन क्रियांमधील सीमा सामान्यतः उघड मानली जाते. द्रव शोषून घेणाऱ्या बहुवारिकांच्या बाबतीत मात्र ती पुसट होते. अमेरिकेत रूढ झालेल्या दहा खुंट्यांच्या ‘बोलिंग’ या खेळातील गोळा हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय. (क्रिकेटमधील गोलंदाजीशी या शब्दाची गल्लत होऊ नये.) सुमारे २१६ मिलिमीटर व्यासाचा व जास्तीत जास्त सव्वासात किलोग्रॅम वजनाचा हा गोळा तेल लावलेल्या लाकडी किंवा कृत्रिम पट्टीवरून खुंट्यांकडे सोडला जातो. तो किती वळेल, हे बहुतांशी त्याच्या कवचाच्या घर्षणावर अवलंबून असते.

प्रारंभीचे गोळे कठीण लाकडाचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कठीण रबर आले, १९६० च्या सुमारास पॉलिएस्टर, १९८० च्या सुमारास पॉलियुरेथेन आणि १९९० नंतर लगेचच ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन’. नाव फसवे आहे. हेही पॉलियुरेथेनच, परंतु त्यात मूळ विक्रियेत भाग न घेणारे मृदुकारक द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे कवचात सूक्ष्म रंध्रे राहतात, पृष्ठभाग किंचित चिकट होतो आणि पट्टीवरील खनिज तेल आत शोषले जाते. खेळाडूला हवी असलेली पकड ज्या रचनेतून येते, त्याच रचनेमुळे ती कालांतराने नाहीशीही होते.

मुरलेले तेल बाहेर काढण्यासाठी गोळा गरम पाण्यात ठेवतात. तापमान वाढले की बहुवारिकाच्या साखळ्यांची हालचाल वाढते, विसरण वेगाने होते आणि तेल पृष्ठभागावर येते. अडचण अशी की, विसरणाला तेल आणि मृदुकारक यांत भेद करता येत नाही. उष्णता बेताची असल्यास मुख्यतः तेल निघते. ती वाढली किंवा वारंवार दिली गेली, तर मृदुकारकही झिरपून जाते आणि स्वच्छ झालेले कवच पूर्वीपेक्षा कठीण व निस्तेज होते. साधारण ६० अंश सेंटिग्रेड ही वरची मर्यादा मानली जाते ती यामुळेच. कवच जाळीबद्ध असल्याने ते वितळत नाही, हा दिलासा अपुराच आहे.

दुसरा धोका यांत्रिक आहे. पॉलियुरेथेन उष्णतेचा मंद वाहक असल्याने कवच तापते तेव्हा गाभा थंडच असतो. ३० अंशांच्या वाढीने या आकाराच्या पॉलियुरेथेनचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढू पाहतो; खनिज चूर्ण मिसळलेला गाभा तितका प्रसरण पावत नाही. या विषमतेचा ताण सांध्यावर आणि बोटांच्या छिद्रांभोवती साठतो. उन्हात बंद मोटारीत ठेवलेला गोळा तडकतो त्याचे कारण हेच. मग तो थंड करताना घाई केली, तर तडा अधिकच संभवतो.

द्रावकांची गोष्ट याहून उद्‌बोधक आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पृष्ठभागावरील तेल उचलते व लवकर उडून जाते. मेथिल एथिल कीटोन मात्र पॉलिएस्टरच्या जाळीत शिरून तिला फुगविते. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने अशा द्रावकात भिजवून मऊ केलेले गोळे वापरले आणि त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या. त्या वेळी हे नियमबाह्य नव्हते. द्रावक ज्वालाग्राही होता आणि त्याची वाफ अपायकारक होती. तरीही अनुकरण झाले. पुढे अमेरिकन बोलिंग काँग्रेसने शोअर डी मापनीवर ७२ ही काठिण्याची किमान मर्यादा ठरविली.

काठिण्याची मर्यादा वरवर निर्विवाद वाटते, पण हे मापन तापमानावर अवलंबून असते : तोच गोळा गरम असता मऊ भरतो. म्हणून खोलीच्या स्थिर तापमानाला, गोळा आतपर्यंत त्या तापमानाला पोचल्यावर केलेले मापनच ग्राह्य मानावे लागते. पृष्ठभाग हाताला थंड लागणे पुरेसे नसते. सामन्याच्या ऐन वेळी पुसण्यासाठी कोणता द्रव चालेल, या प्रश्नाचा निकाल मात्र युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने रसायनशास्त्रात न शिरताच लावला. १ ऑगस्ट २०१९ पासून स्पर्धा चालू असताना सर्वच द्रव वर्ज्य ठरले. खेळाडूच्या हाती उरला तो कोरडा पंचा.