टाच दुखते, तर चालायचं कसं?

‘वजन कमी करा, रोज चाला,’ असं डॉक्टर सांगतात. आणि चालायला लागलं की टाच ठणकते. आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांच्या सदरांत हा पेच फिरून फिरून येतो. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली चार पावलं भिंतीच्या आधाराने टाकावी लागतात, मग जरा बरं वाटतं, आणि संध्याकाळी ओट्यापाशी तासभर उभं राहिलं की पुन्हा कळ येते. तक्रार करणारी व्यक्ती बहुधा चाळिशी-पन्नाशीतली, अंगाने थोडी स्थूल आणि दिवसभर फरशीवर अनवाणी वावरणारी. तिला एकच उत्तर मिळतं : वजन जास्त, म्हणून पायावर भार जास्त. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे.

माणसाच्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांची कमान धरून ठेवणारा एक जाडसर, पांढरट पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून जातो. त्याला प्लांटर फॅसिया म्हणतात. टाचदुखीचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार हाच. त्याचं काम नेमकं कसं चालतं, ते १९५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जे. एच. हिक्स या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं. त्याचा प्रयोग घरबसल्या करता येतो. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवायचं आणि हाताने फक्त अंगठा वर ओढायचा. पायाची कमान आपोआप उचलली जाते, एकाही स्नायूला जोर लावावा लागत नाही. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसा हा पट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर गुंडाळला जातो, ताणला जातो आणि कमान वर खेचतो. चालताना टाच उचलून बोटांवर रेटा देण्याच्या क्षणी प्रत्येक वेळी हेच घडतं. ढिलं पाऊल क्षणभर ताठ होतं आणि शरीर पुढे ढकललं जातं. हिक्सचं नाव फिजिओथेरपीच्या वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नसतं. जगातला जवळजवळ प्रत्येक माणूस दिवसातून काही हजार वेळा त्याचा सिद्धान्त वापरतो, हे लक्षात घेतलं तर हा जरा अन्यायच म्हणायचा.

आता या यंत्रणेवर वजन चढवून पाहू. साध्या चालण्यात पावलाखालचा जोर शरीराच्या वजनाच्या सुमारे सव्वापटीच्या आसपास जातो, धावताना दुप्पट ते तिप्पट. म्हणजे दहा किलो जादा वजन असेल, तर चालताना दर पावलाला साधारण बारा किलो जादा. पाच हजार पावलांचा दिवस धरला, तर बेरीज साठ टनांवर जाते. असले आकडे इनसोल विकणाऱ्यांना फार आवडतात. पण शरीर अशी बेरीज करत बसत नाही. दोन पावलांच्या मध्ये, दोन दिवसांच्या मध्ये पेशी डागडुजी करत असतात. झीज त्या डागडुजीच्या पुढे गेली, की दुखणं सुरू होतं. नाहीतर पाठीवर पोती वाहणारा एकही माथाडी कामगार चालू शकला नसता.

अमेरिकेतल्या डॅनियल रिडल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टाचदुखीच्या ५० रुग्णांची तुलना १०० निरोगी माणसांशी केली. बीएमआय ३० च्या वर असणाऱ्यांत टाचदुखीची शक्यता साडेपाचपटीहून जास्त निघाली. कामाचा बहुतेक वेळ पायांवर काढणाऱ्यांत साडेतीनपट. पण या दोघांना मागे टाकणारा आकडा तिसराच होता. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे काटकोनापलीकडे वळतच नाही, अशा आखडलेल्या पोटऱ्यांच्या माणसांत ही शक्यता तेवीसपट होती. अभ्यास छोटा असल्याने नेमक्या आकड्याला चिकटून बसू नये, पण क्रम बोलका आहे. वजनाचा काटा सगळ्या दवाखान्यांत असतो. पोटरी किती आखडली आहे ते मात्र क्वचितच कुणी पाहतं.

पाहिला जातो तो एक्स-रे. त्यात टाचेखाली काट्यासारखं टोक दिसलं की ‘हाड वाढलंय’ असं निदान घरी येतं आणि सगळं घर धास्तावतं. ऑस्ट्रेलियातल्या हिल्टन मेन्झ यांच्या गटाने २००८ मध्ये २१६ वृद्धांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ५५ टक्क्यांच्या टाचेत असं टोक सापडलं. ते इतकं सर्रास असेल, तर दुखण्याचं खापर एकट्या त्याच्यावर फोडता येत नाही. स्थूल व्यक्तींमध्ये मात्र ते खरोखर जास्त आढळलं. यावरून मेन्झ यांनी असा तर्क मांडला, की हे हाड पट्ट्याच्या ओढीमुळे वाढत नसावं, वरून पडणाऱ्या दाबाला टाचेने दिलेलं ते उत्तर असावं.

दुखऱ्या पट्ट्याचे शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तिथे सूज आणणाऱ्या पेशी फारशा दिसत नाहीत, धागे झिजलेले आणि विस्कटलेले दिसतात. वेदनाशामक गोळ्यांचा असर गोळीपुरताच का टिकतो, याचं एक कारण इथे आहे. झिजलेल्या धाग्यांना पुन्हा बळकट व्हायला मोजूनमापून ताण लागतो. डेन्मार्कच्या मायकल रॅथलेफ यांनी २०१४ मध्ये ४८ रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली, आणि गंमत म्हणजे तिच्या मुळाशी हिक्सच होता. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती पायरीवर ठेवायची. बोटं तिच्यावर, म्हणजे वर वळलेली; टाच पायरीबाहेर अधांतरी. मग एका पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड, आणि हळूहळू पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन. तीन महिन्यांनी या गटाचं दुखणं नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच झाले होते. तरी सकाळच्या त्या चार पावलांसाठी लवकर सुटका हा काही लहान फायदा नाही. दरम्यान वजन उतरवायला चालणंच हवं असं कुठे आहे? सायकल आहे, पोहणं आहे, आणि ताट तर आहेच.

इथवर सगळी गोष्ट भाराची होती. पण मग एक निरीक्षण हिशेबात बसेना. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांच्या सांध्यांतही संधिवात जास्त आढळतो, आणि हातांवर तर कुणी चालत नाही. चरबी ही नुसती साठवण नसून ती लेप्टिनसारखी संप्रेरकं आणि दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते, हे आता पक्कं झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी २०१२ मध्ये पायदुखीचा संबंध शरीरातल्या चरबीशी आणि स्नायूंशी वेगवेगळा ताडून पाहिला. चरबी जास्त, विशेषतः पोटाभोवती जास्त, तर पाय दुखण्याचं प्रमाणही जास्त. स्नायूंच्या वजनाशी मात्र असा संबंध दिसला नाही. किलो तेवढेच असले, तरी ते कशाचे आहेत याने पायाला फरक पडतो.

मराठी वाचकाला इथे पुण्याची आठवण यायला हवी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला : केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे कोडं ‘वाय-वाय’ म्हणून ओळखलं जातं. स्वतःलाच नमुना म्हणून पेश करण्याचा हा मिश्कीलपणा एकीकडे, पण त्यामागे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बालकांचा वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास होता. किडकिडीत दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी दडलेली असते, हे त्यातून पुढे आलं. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणली गेली आहे. पायदुखीचे बहुतेक अभ्यास मात्र पाश्चात्त्य शरीरांवर झाले आहेत. ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्याने ते वाचून निर्धास्त होऊ नये.

मुलांच्या पावलांचा वाद वेगळाच आणि मजेदार आहे. गुटगुटीत मुलाने ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवला, की मधली कमान दिसत नाही, सगळा तळवा टेकलेला असतो. कमान खरंच खचली, की तळव्यावर चरबीचा जादा थर आहे म्हणून तसं दिसतं? ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात ज्यूली स्टील यांच्या गटाने २००६ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांची अल्ट्रासाउंड तपासणी केली. चरबीचा थर सारखाच निघाला, कमान मात्र खालावलेली. प्रश्न मिटला असं वाटलं. मग याच गटाने २०११ मध्ये शाळकरी मुलं तपासली, तर थरही जाड आणि कमानही खाली! आपलाच निष्कर्ष पुन्हा उघडून तो जाहीरपणे बदलणारी माणसं विज्ञानात हवीतच, पण वर्तमानपत्रांना पहिलीच बातमी आठवत राहते.

या चर्चेत मणिपालचं नाव मागे पडतं, ते खटकतं. तिथल्या यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सगळ्यात जास्त. पुढे १९९५ मध्ये १,८४६ प्रौढांच्या पाहणीत सपाट तळव्यांचा संबंध तीन गोष्टींशी दिसला : लहानपणी लवकर चढवलेले बूट, लवचीक अस्थिबंध आणि स्थूलपणा. बालवाडीच्या पहिल्या दिवशी काळे बूट घट्ट बांधणाऱ्या शाळांपर्यंत ही बातमी तीस वर्षांत पोचलेली दिसत नाही.

टाचदुखी त्रास देते, पण जीवावर उठत नाही. खरा धोका पाय दुखायचा थांबतो तेव्हा असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांत आहे. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होत जातात. वजनाचा दाब तसाच राहतो, तक्रार करणारं मात्र कुणी उरत नाही.

बधिर पायांचं हे शास्त्र कुष्ठरोग्यांनी शिकवलं. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आले, तेव्हा कुष्ठरोगात पायाचं मांस आपोआप सडतं असा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं, की निरोगी माणूस चालताना नकळत पाऊल बदलत असतो, कुठे टोचलं की भार दुसरीकडे नेतो. बधिर पाय त्याच जागेवर हजारो वेळा आपटत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी बेशुद्ध केलेल्या उंदरांच्या तळपायांवर बेताचा दाब पुन्हा पुन्हा दिला. पहिल्या दिवशी किरकोळ लाली, आणि तोच दाब रोज देत राहिल्यावर काही दिवसांत उघडी जखम.

दाब पसरवणारं स्वस्त पायताण हवं, म्हणून ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल रुळवली. आज औषधांच्या दुकानात ‘एमसीआर चप्पल’ किंवा ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून टांगलेली असते ती तिचीच वंशज, निदान नावाने तरी. कारण त्या नावाखाली साधा फोमही खपतो, आणि जड माणसाच्या टाचेखाली तो थोड्याच दिवसांत चपटा होतो. टाचदुखीसाठी कुठलीही मऊ, न दबणारी चप्पल चालून जाते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने मात्र टाचेमागे पट्टा असलेलीच घ्यावी. बधिर पायातून चप्पल निसटली, तरी ते त्याला कळत नाही.