परसबागेच्या कडेची वीट हलते कशाने?

तायांनो, पावसाळा संपल्यावर परसबागा बघायला वस्त्यांवर फिरते तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. वाफा असतो, मेथी-पालक उगवलेला असतो, पण कडेच्या विटांची दशा झालेली असते. एक आत झुकलेली, दुसरी बाहेर पडलेली, तिसरी चुलीपाशी गेलेली. आणि वाफ्यात घातलेलं शेणखत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून बोळात आलेलं. मग ऐकायला मिळतं, "मॅडम, विटांनी काही होत नाही, सिमेंटच पाहिजे." मला हे पटत नाही. बहुतेक ठिकाणी वीट नुसती जमिनीवर टेकवलेली असते, फार तर दोन बोटं माती उकरून. तिच्यावर सिमेंट ओतलं तरी ती हलणारच, फक्त हलताना चीर पडेल.

आधी आपली जमीन समजून घेऊ. खर्डा बालाघाटच्या डोंगरांच्या बाजूचं गाव. माळावरच्या घरांना थोडं खणलं की मुरूम लागतो, ओढ्याच्या अंगाला काळी माती. मुरमाड जागेत विटा कशाही लावल्या तरी बऱ्यापैकी टिकतात. खरा त्रास काळ्या मातीचा. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. या फुगण्या-आकसण्यात वर ठेवलेली वीट दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते, पण सगळ्या विटा सारख्या उचलल्या जात नाहीत. म्हणून ओळ वाकडी होते. एकदा वाकडी झाली की फटीतून पाणी धार धरतं, धार मातीला नेते, आणि विटेखाली पोकळी होते. पुढचं काम कोंबड्या आणि शेळ्या करतात.

यावर उपाय एकच आहे. विटेच्या खाली आणि बाजूला असं काहीतरी भरायचं जे भिजून फुगत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही. आपल्याकडे ते म्हणजे मुरूम. क्रशरची कच मिळाली तर तीही चालते.

आता विटा लावायच्या कशा. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे गेरू-चुन्याने रंगवलेल्या तिरक्या विटांची करवत तुम्ही पाहिली असेल. दिसायला छान, आणि सगळ्यांना तीच हवी असते. पण त्यात प्रत्येक वीट शेजारणीवर टेकलेली असते. टोकाची एक निघाली की फळीवरच्या पुस्तकांसारख्या सगळ्या लवंडतात. आडवी लांबीने लावली तर विटा कमी लागतात, पण ती जमिनीत जेमतेम दोन इंच जाते, म्हणून लवकर उपटते. मी सांगेन की वीट उभी पुरा. आपल्या भट्टीची वीट साधारण 9 इंच लांब, 4 इंच रुंद आणि 3 इंच जाड असते. ती उभी करून रुंद बाजू वाफ्याकडे ठेवायची. सहा इंच जमिनीत, तीन इंच वर. कुंपणाचा डांब आपण असाच पुरतो ना, वर दिसतो त्याच्या हिशेबाने खाली.

हिशेब करून बघा. 10 फूट लांब, 4 फूट रुंद वाफ्याची कड चहूबाजूंनी 28 फूट, म्हणजे 336 इंच. आडव्या विटा 38 लागतील, उभ्या 84. दुपटीपेक्षा जास्त, हे खरं आहे. पण आडव्या 38 दरवर्षी नव्याने लावण्यापेक्षा एकदाच 84 पुरलेल्या बऱ्या. फुटतूट धरून 90 घ्या. वाफा चार फुटांपेक्षा रुंद करू नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर खुरपताना पाय विटेवर पडतो, आणि वर्षभर पाय पडत राहिला की कसलीही वीट हलते. ज्यांना गोल वाफा करायचा आहे त्यांनी मध्ये खुंटी ठोकून अडीच फूट दोरीने गोल आखावा. त्याला उभ्या विटा साधारण 48 लागतात. उभी वीट गोलाला छान वळते, आडवी वळत नाही.

वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजली तर पक्की भाजलेली. भद्द आवाज आला, रंग पिवळट असला, नखाने ओरखडा उठला तर ती कच्ची. दोन पावसाळ्यांत ओल्या मातीत तिचा भुगा होईल, लोणा लागून वरचा पापुद्रा सुटेल. जास्त भाजलेली काळपट वेडीवाकडी वीट बांधकामवाले घेत नाहीत, म्हणून ती भट्टीवर स्वस्तात मिळू शकते. परसबागेला तीच मागा. दिसायला वाईट, पण पाण्याला दाद देत नाही. घराच्या जुन्या विटा असतील तर त्याही वापरा. किल्ल्याच्या पडझडीतले दगड मात्र कुणी आणू नका. हे सांगावं लागतं, कारण एक-दोन अंगणांत तसले घडीव दगड मी पाहिलेत. तो सगळ्या गावाचा ठेवा आहे.

जागा ठरवताना वर पत्र्याकडे बघा. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे वाफ्याची कड येऊ देऊ नका. दोन हात अलीकडे सरका. त्या धारेपुढे काहीही टिकत नाही.

काम वळीव पडून गेल्यावर काढा, मेच्या शेवटी किंवा जूनच्या तोंडाला. माती ओलसर असते, चिखल नसतो. कोरड्या भेगाळलेल्या जमिनीत विटा पुरल्या तर पहिल्या पावसात जमीन फुगून त्यांना वर ढकलते. वळीव झाला नाही तर आदल्या दिवशी जागा पाण्याने भिजवून ठेवा.

चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सूत बांधा. सुताच्या रेषेत वीतभर खोल आणि वीतभर रुंद चर काढा. तळाला चार बोटं मुरूम टाका. काळ्या मातीत चर आणखी चार बोटं खोल नेऊन मुरमाचा थर दुप्पट करा. आता जे काम सगळ्या जणी उरकून टाकतात ते नीट करायचंय, म्हणजे ठोकणं. मुरमावर पाणी शिंपडा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, एवढंच. मग धुम्मसने ठोका. धुम्मस नसेल तर जड लाकडाचा ओंडका चालतो. टाच जोरात दाबली तरी ठसा उठत नाही इथपर्यंत ठोका. दुप्पट थर असेल तर दोनदा, अर्धा टाकून ठोकायचा आणि मग उरलेला. सगळा एकदम टाकला तर वरचा दबतो, खालचा भुसभुशीतच राहतो आणि तोच पावसाळ्यात बसतो.

आता कोपऱ्याच्या विटा आधी बसवा, मग त्यांच्यामधल्या. वीट शेजारणीला चिकटवून, डोकं सुताला लावून. उंच झाली तर खालचा मुरूम खरवडा, खाली गेली तर वीट काढून मुरूम टाका आणि परत ठोका. वरून हातोडा मारून बसवू नका, तुटते. सगळ्या उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंनी भरणी करा. बाहेरच्या अंगाला मुरूम, आतल्या अंगाला खणलेली माती. दोन्हीकडून थोडं थोडं भरत, आळीपाळीने ठोकत वर या. एकाच बाजूने भरलं तर ओळ दुसरीकडे झुकते. अशा वाफ्याला वीस-पंचवीस घमेली मुरूम लागेल. झाल्यावर पायाने आडवा धक्का देऊन बघा. एखादी हलली तर आताच काढून बसवा.

आत माती भरताना ती विटेच्या डोक्यापासून दोन बोटं खाली ठेवा. काठोकाठ भरलेला वाफा पहिल्या सरीलाच उतू जातो. आणि जास्त माती मावावी म्हणून विटेवर वीट रचू नका. भिजलेल्या मातीचं वजन ती वरची ओळ बाहेर लोटून देतं.

राहिला सिमेंटचा प्रश्न. कोरड्या लावलेल्या विटांच्या फटींतून जास्तीचं पाणी हळूहळू निघून जातं, माती आतच राहते. सिमेंटने फटी बुजवल्या की पाणी आत तुंबतं, वांगी-टोमॅटोची मुळं कुजतात, शिवाय भिंतीवर दाब येतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. तोवर वाफा वाळलेला, जमीन भेगाळलेली. कोरडी कड असेल तर सैल झालेल्या पाच-सहा विटा काढून, मुरूम टाकून, ठोकून पुन्हा बसवता येतात. त्यासाठी गवंडी लागत नाही आणि घरात कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. ज्यांच्या घराखालची जागा स्वतःच्या नावावर नाही, त्यांना उद्या हलावं लागलं तर विटा उपटून सोबत नेता येतात. सिमेंटमधल्या तशाच राहतात.

जाण्याआधी एवढं करा: वाफ्यावर पाचट किंवा पाल्याचा चांगला जाड थर पसरा. खालची माती उशिरा वाळते, भेगा कमी पडतात.

एकटीने 90 विटांसाठी गाडी करणं परवडत नाही. पुढच्या बैठकीला येताना आपल्या वाफ्याची लांबी-रुंदी फुटात मोजून कागदावर आणा. चारी बाजूंची बेरीज करायची आणि तिला तीनने गुणायचं, तेवढ्या उभ्या विटा. सगळ्यांच्या मिळून एक ट्रॉली होत असेल तर भट्टीवर गटाच्या नावाने भाव करू.