कोशनोंदींची पृष्ठविभागणी : गणनापद्धती आणि खूणपद्धती

मुद्रित कोशाचे पृष्ठ एकदा जुळविले गेले की ते कायमचे होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यांतील कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आहे, हे त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत सारखेच असते. तेवढाच कोश डेटाबेसमध्ये ठेवून वेबद्वारे वाचकास उपलब्ध केला, म्हणजे पृष्ठाचा हा अर्थ उरत नाही. तेथे पृष्ठ हे वाचकाच्या प्रत्येक मागणीसरशी नव्याने तयार होते. ते कोणत्या नियमाने तयार होते हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाचा वाटतो. परंतु नोंदी मोजून त्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

(१) प्रचलित रीत अशी : प्रतिपृष्ठ ५० नोंदी धरल्यास तिसऱ्या पृष्ठासाठी ‘पहिल्या १०० सोडा व पुढील ५० द्या’ अशी आज्ञा डेटाबेसला दिली जाते. एसक्यूएल भाषेत हे काम ‘लिमिट’ व ‘ऑफसेट’ या शब्दांनी होते. हिला आपण गणनापद्धती म्हणू. ती सोपी आहे, आणि थोड्या नोंदींसाठी पुरेशीही आहे. मात्र ‘सोडा’ या शब्दाचा अर्थ ‘वाचू नका’ असा नव्हे. सोडावयाच्या नोंदी डेटाबेसला एकेक करून ओलांडाव्याच लागतात. ६०,००० नोंदींची १,२०० पृष्ठे होतात. त्यांतील शेवटचे दाखविण्यासाठी ५९,९५० नोंदी वाचून टाकून द्याव्या लागतात. एखाद्याने सर्व पृष्ठे क्रमाने मागविली, तर एकूण वाचने ३,६०,३०,००० होतात. म्हणजे प्रत्येक नोंदीमागे सरासरी सहाशेहून अधिक.

(२) श्रमापेक्षाही गंभीर दोष अचूकतेचा आहे. वाचकाने पहिले पृष्ठ पाहिल्यानंतर संपादकाने त्या पृष्ठातील एक नोंद काढून टाकली, अशी कल्पना करू. खालच्या सर्व नोंदी एकेका स्थानाने वर सरकतात. पूर्वीची ५१ वी नोंद आता ५० वी होते, आणि दुसरे पृष्ठ पूर्वीच्या ५२ व्या नोंदीपासून सुरू होते. मधली नोंद वाचकास कधीच दिसत नाही, व ती दिसली नाही हे कळण्यास काही साधनही नसते. उलट एक नोंद वाढविली गेली, तर ५० वी नोंद दुसऱ्यांदा भेटते. द्विरुक्ती निदान शोधून काढता येते. लोप शोधता येत नाही. ‘अमुक रूप या संग्रहात आढळत नाही’ असे विधान करणाऱ्याने हा भेद विशेष ध्यानात ठेवावयास हवा.

(३) दुसरी पद्धती पुस्तकात खूण घालून ठेवण्यासारखी आहे. ‘इतक्या नोंदी सोडा’ असे न म्हणता ‘या नोंदीनंतरच्या ५० द्या’ असे म्हणावयाचे. नोंदींचा इंडेक्स सामान्यतः बी-ट्री या रचनेत असतो. बायर व मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या रचनेत लक्षावधी नोंदींतून इष्ट स्थळी मोजक्या पायऱ्यांत पोहोचता येते. त्यामुळे शेवटचे पृष्ठ जवळजवळ पहिल्याइतक्याच श्रमात मिळते, आणि खुणेच्या मागे झालेल्या भरतीने अथवा गळतीने पुढील पृष्ठ ढळत नाही.

या पद्धतीची अट एकच, परंतु कडक आहे : क्रम निःसंदिग्ध हवा. कोशात ‘कर’ हा शब्द हात आणि सरकारी सारा या अर्थांनी दोन स्वतंत्र नोंदींत येतो. पृष्ठ पहिल्या ‘कर’पाशी संपले आणि पुढे ‘कर’नंतरचे शब्द मागितले, तर दुसरा ‘कर’ गळतो. म्हणून शब्दाच्या जोडीला नोंदक्रमांक घ्यावा लागतो : शब्द नंतरचा असावा, किंवा शब्द तोच असून क्रमांक मोठा असावा.

(४) येथे वर्णक्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, व त्यानंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र संकेत नसल्याने ते अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात जातात, आणि ‘ॲ’ने आरंभ होणारे शब्द ‘ह’च्याही पलीकडे पडतात. यांपैकी कोणता क्रम वापरावयाचा हे आधी ठरविले पाहिजे, आणि इंडेक्स व खूण या दोहोंस तोच लागू केला पाहिजे. क्रमाचे नियम मध्येच बदलले तर काय होते याचे उदाहरण २०१८ मध्ये मिळाले. लिनक्स प्रणालींतील ग्लिबसी या ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रम बदलला, आणि त्यावर अवलंबून असलेले पोस्टग्रेसक्यूएलचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागले.

(५) खूणपद्धतीलाही मर्यादा आहेत. तिच्यात ‘सातशेवे पृष्ठ’ एकदम मागता येत नाही. कोशाच्या वाचकास याची उणीव भासू नये, कारण तो पृष्ठ नव्हे, शब्द शोधतो, व शब्द हीच खूण होय. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. वाचक ‘सुवर्ण’पर्यंत आला असता संपादकाने पुढे असलेला ‘सूरू’ हा चुकीचा शब्द ‘सुरू’ असा दुरुस्त केला, तर ती नोंद खुणेच्या मागे जाते व वाचकाच्या हातून सुटते. यास्तव संपूर्ण संग्रह उतरवून घ्यावयाचा असल्यास खूण शब्दाची न घेता कधीही न बदलणाऱ्या नोंदक्रमांकाची घ्यावी. वर्णक्रम नंतर लावता येतो. असे केल्यास आरंभापासून अखेरपर्यंत संग्रहात असलेली प्रत्येक नोंद एकदा, आणि एकदाच, हाती येते.

तात्पर्य, चाळण्यासाठी वर्णक्रमाची खूण आणि मोजण्यासाठी नोंदक्रमांकाची खूण, असा विवेक ठेवावा. संगणकीय संग्रहावर आधारलेल्या प्रबंधात शब्दांची संख्या देताना संग्रहाचे नाव व दिनांक दिले जातात. नोंदी कोणत्या क्रमाने व कोणत्या पद्धतीने उतरविल्या हेही त्यांच्यासोबत नोंदविणे अगत्याचे आहे.