प्रत आणि प्रतिमा : जुन्या संगणकाच्या पुनरुज्जीवनाविषयी



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने संगणकाविषयी लिहावे, याचे कुणास नवल वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी 'प्रत' आणि 'प्रतिमा' या दोन शब्दांतील भेद आहे. आणि असे भेद उलगडणे हा तर माझा जुनाच व्यवसाय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य थांबविले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अंगाने धडधाकट असे कितीतरी संगणक त्यामुळे अडगळीत जाण्याच्या वाटेवर आले. अशा यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालू शकते. आपल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली 'बॉस' प्रणाली तर भारतीय भाषांचा विचार करूनच घडविलेली आहे. प्रश्न उरतो तो ती यंत्रात उतरविण्याचा.

ही प्रणाली 'आयएसओ' नावाच्या एकाच फाइलच्या रूपाने मिळते. संपूर्ण चकतीवरील मजकूर, त्याची मांडणी आणि आरंभीच्या सूचना यांची ती हुबेहूब प्रतिमा होय. नवखा माणूस ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करतो आणि संगणक तिच्यावरून सुरू होत नाही म्हणून हताश होतो. नुकताच चालू झालेला संगणक हा अंधाऱ्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा असतो; दिवा दारालगतच्या देवळीत असेल, एवढेच त्याला ठाऊक. फाइलची प्रत ठेवणे म्हणजे दिवा पेटीत घालून पेटी माजघरात ठेवणे. प्रतिमा लिहिणे म्हणजे तोच दिवा देवळीत लावणे.

कृती अवघड नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो. उतरवून घेतलेल्या फाइलची 'एसएचए-२५६' ही ६४ चिन्हांची खूण संकेतस्थळावरील खुणेशी ताडून पाहावी. एक चिन्ह जरी निराळे निघाले तरी फाइल सदोष समजावी. मग विंडोजवर 'रूफस' हा विनामूल्य प्रोग्रॅम उघडून पेनड्राइव्ह व फाइल निवडावी आणि लेखन सुरू करावे. ते संपल्यावर जुना संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावावा व चालू करताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. प्रतिमा 'लाइव्ह' असेल तर हार्ड डिस्कला हात न लावता प्रणाली चालवून पाहता येते. यंत्र ६४ बिटांचे आहे ना, हे मात्र आधी पाहावे. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या संगणकांसाठी प्रतिष्ठापनेची सोय ठेवलेली नाही.

एक इशारा कळकळीने देतो. प्रतिमा लिहिताना पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सारे पुसले जाते. माळव्यातील मराठी बोलीचे शब्द मी रामबागेतील वृद्धांकडून ऐकून टिपले होते. पहिल्याच प्रयत्नात घाईने दुसराच पेनड्राइव्ह निवडला आणि ती टिपणे गेली. सांगणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत. यंत्राने मला विचारले होते. मी न वाचताच 'होय' म्हटले होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की सुटीतील एक दुपार शाळेच्या जुन्या संगणकांसाठी द्यावी. येताना रिकामा पेनड्राइव्ह आणावा, आणि तो खरोखर रिकामा आहे याची घरीच खात्री करून घ्यावी.