माळ्यावरची कॅसेट टाकून देऊ नका

‘दिस जातील, दिस येतील’ हे गाणे ज्या घरात कुणाच्याच कानावरून गेले नाही, असे घर आपल्या अहमदपूर तालुक्यात क्वचितच सापडेल. पण ते गाणे ज्या चित्रपटातले, तो ‘शापित’ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

राजदत्त आणि अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८२ सालचा. त्यात यशवंत दत्त आणि मधू कांबीकर यांनी कर्जापायी वेठबिगारीत अडकलेले जोडपे उभे केले आहे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. गाणे घरोघरी राहिले, चित्रपट मात्र मागे पडला.

त्या काळी गावात वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणीत. त्या दिवसांतल्या कॅसेटी अजूनही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत पडून आहेत. त्यांत असा एखादा चित्रपट किंवा घरच्या लग्नाचे चित्रण निघाले, तर भंगारात घालू नका.

लावण्याआधी तपासा

कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक भुकटीचा लेप. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते. ओल लागलेल्या बियाण्याला बुरशी येते, तशी फितीलाही येते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी किंवा जाळे दिसले, तर ती यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटींना लागते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी.

धान्यासारखी ती उन्हात वाळवण्याचा मोह टाळा. उष्णतेने फीत वाकडी होते. कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवा. फीत स्वच्छ असेल, तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्या. कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडली, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जात नाही. कॅसेट उभी ठेवा आणि स्पीकरपासून दूर ठेवा.

व्हीसीआरचे उत्पादन जगात २०१६ साली थांबले. चालू यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून पहिल्यांदा लावतानाच संगणकावर तिची नक्कल उतरवून घ्यावी.

पाहून झाल्यावर

‘शापित’ मिळाला, तर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहा. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही पाडव्याला साल ठरवताना घेतलेली आगाऊ रक्कम आणि ऊसतोडीला निघताना घेतलेली उचल आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. उचल घेतली की अंगठा उठतो, पण किती फिटले आणि किती उरले याचा कागद किती घरांत असतो? मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज किती हंगामांत फिटेल, हे लग्नाआधी कोण मांडून पाहतो?

चित्रपट संपला की टीव्ही बंद करा आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वही आणायला सांगा. घरावर कुणाचे किती देणे आहे, व्याज किती, कोणत्या तारखेला किती दिले, हे तिच्यात लिहून काढा. पुढे पैसे देताना दर वेळी पावती मागा आणि ती वहीतच ठेवा. घरच्या बाईलाही तो हिशेब ठाऊक असू द्या.